‘स्मृतिचित्रां’चें पुनर्वाचन

वाचलेलें पुस्तक पुन्हां हातीं घेणें कित्येकांस वेळेचा अपव्यय वाटतो. आम्हांस मात्र त्यानें आमचाच एक अभिप्राय मागें घ्यावयास लाविलें. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, आम्हीं तें आत्मचरित्र विद्यार्थिदशेंत वाचलें होतें. २०१६ च्या जानेवारींत पिंपरीस साहित्यसंमेलन भरलें, तेव्हां नवी प्रत घेतली आणि चिंचवडहून पुण्यास जातांना लोकलमध्यें वाचूं लागलों.

बाई फार हंसवितात, हा आमचा जुना आक्षेप. १८९५ सालीं कवि टिळक ख्रिस्ती होतात, संसार दुभंगतो. अशा प्रसंगीं विनोद कसला? पण दोष आमच्या घाईचा होता. हीं दोघें पुन्हां एकत्र येतात कीं नाहीं, एवढ्यासाठींच आम्ही पानें उलटीत होतों. आतां तें ठाऊक आहे, म्हणून त्या हंसण्याखालचें एकटेपण दिसतें. वडिलांच्या सोवळ्याचें वेडही तेव्हां गंमतीचें वाटलें. आतां त्यापायीं घरच्या माणसांचे झालेले हाल आधीं डोळ्यांपुढें येतात. टिळकांचा लहरीपणा मात्र बाई ज्या सहजतेनें पोटांत घालतात, तें आम्हांस या खेपेसही साधलें नाहीं.