‘दाह’, ‘शोथ’ आणि ‘सूचक’ : एका प्रथिनाच्या मराठी नामकरणाची चिकित्सा

वैद्यकीय परिभाषेचा प्रश्न केवळ वैद्यांचा आहे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. २०२० साली आलेल्या करोनाच्या साथीने ती खोटी ठरविली. ‘सीआरपी’ ही तीन अक्षरे त्या काळात प्रयोगशाळेबाहेर पडून घरोघरी पोहोचली. त्यांच्यासाठी मराठीने कोणती शब्दयोजना केली आणि ती कितपत निर्दोष आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम वस्तू पाहू. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना असे आढळले की, न्यूमोनियाच्या रुग्णांचा रक्तरस न्यूमोकॉकस जंतूतील ‘सी’ नामक शर्करामय द्रव्याशी मिसळला असता साका बसतो. रुग्ण बरा होताच हा गुण नाहीसा होतो. ज्या प्रथिनामुळे हे घडते, त्यास पुढे ‘सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन’ हे नाव मिळाले. महाभक्षक पेशी उत्तेजित झाल्या की इंटरल्यूकिन-६ हे द्रव्य स्रवते. त्याचा संदेश मिळताच यकृत हे प्रथिन निर्माण करते. काही तासांत त्याचे प्रमाण वाढू लागते आणि सुमारे ४८ तासांत शिखर गाठते. म्हणजे मूळ नाव प्रथिनाचे कार्य सांगत नाही, शोधाचा इतिहास सांगते. त्याचे ‘सी-प्रतिक्रियाशील प्रथिन’ हे भाषांतर तो इतिहासही हरवून बसते. ‘सी’शी संयोग पावणारे, हा संबंध त्यातून निघत नाही, प्रथिनच काही चंचल स्वभावाचे असावे, असा भास मात्र होतो.

याहून गंभीर घोटाळा ‘दाह’ या शब्दाने केला आहे. लाली, सूज, उष्णता व वेदना ही चार लक्षणे रोमन ग्रंथकार केल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच सांगितली होती. ‘दाह’ हा शब्द ‘दह्’ धातूपासून आलेला. त्यात उष्णता तेवढी येते. शिवाय व्यवहारात दाह म्हणजे पोटातील किंवा लघवीची जळजळ. ‘दाहशामक’ औषध पित्तावर आहे, असे वाचकाने मानल्यास दोष वाचकाचा नव्हे. ‘शोथ’ हा शब्दही व्युत्पत्तीने सुजेपुरताच आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि सुश्रुताने व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा अवस्था वर्णिल्या असल्याने त्यामागे शास्त्रीय अर्थाची परंपरा आहे. मराठी विश्वकोशाने तोच स्वीकारला आणि ‘संधिशोथ’, ‘यकृत्‌शोथ’ असे समास त्यापासून सहज सिद्ध झाले. बोलीत तो वापरात नसल्यामुळे त्यास नवा अर्थ देता येतो.

तिसरा शब्द ‘सूचक’. हा सर्वांत योग्य आणि सर्वांत उपेक्षित होय. धुरावरून अग्नीचे अनुमान हे न्यायशास्त्रातील सर्वपरिचित उदाहरण. तेथे व्याप्ती एकाच दिशेची असते : धूर तेथे अग्नी, अग्नी तेथे धूर असलाच पाहिजे असे नाही. धुरावरून इंधन कोणते, हे तर मुळीच कळत नाही. सीआरपीचेही तसेच आहे. जंतुसंसर्ग, आघात, संधिवाताभ, या सर्वांत तो वाढतो. उलट इंटरल्यूकिन-६चा मार्ग रोखणारे टोसिलिझुमॅब दिले असता संसर्ग असूनही त्याचे प्रमाण कमी राहू शकते : अग्नी आहे, पण धूर नाही.

आपल्या बोलण्यात मात्र सूचक हाच रोग होऊन बसतो. ‘त्यांना शुगर आहे’, ‘तिला बीपी आहे’ ही वाक्ये आज निर्दोष मराठी ठरली आहेत. मोजावयाची वस्तू येथे व्याधीचे नाव झाली. ‘सीआरपी पॉझिटिव्ह’ हा प्रयोग त्याच वाटेवर आहे. आणि आकडा उतरला की रोग गेला, हा भ्रम त्याचे पुढचे पाऊल.

यवतमाळ जिल्ह्यातील वणीनजीकच्या राजूरचे उदाहरण घेऊ. गावाला लोक ‘राजूर कॉलरी’ म्हणतात. ‘कोळसाखाण’ या शुद्ध शब्दावाचून तेथे कोणाचे अडलेले नाही. यावरून परक्या नावाचे भय बाळगण्याचे कारण नाही, हे दिसते. पण कोळशाची धूळ फुप्फुसांत गेली की महाभक्षक पेशी ती गिळतात, उत्तेजित होतात आणि शोथ सुरू होतो. अशा ठिकाणी खोकणाऱ्या कामगाराच्या हाती अहवाल पडला, तर त्यातील आकडा धुळीचा, क्षयाचा की साध्या तापाचा, हे त्यास त्या आकड्यावरून कळणार नाही. ते कळत नाही, हेच त्यास स्पष्ट मराठीत सांगितले गेले पाहिजे.

तेव्हा ‘सीआरपी’ हे नाव तसेच ठेवावे, शास्त्रीय लेखनात ‘दाह’ टाळून त्यास ‘शोथसूचक प्रथिन’ म्हणावे, आणि अहवालात एक वाक्य जोडावे : ‘शरीरात सूज आणणारी प्रक्रिया चालू असल्याचे हे चिन्ह आहे, तिचे कारण यावरून ठरत नाही.’ नाव परके असले तरी चालेल. अर्थ परका राहता कामा नये.