ज्यूविषयक नाटके आणि आपला प्रेक्षक

ज्यू समाजाचे जीवन विषय म्हणून घेतलेली नाटके आपल्याकडे कधी भाषांतरातून, कधी रूपांतरातून, तर कधी चित्रपटाच्या पडद्यावरून येत राहिली आहेत. त्यांची चर्चा करताना नाटककार, भाषांतरकार आणि नट ह्यांचा विचार होतो. प्रेक्षकाचा फारसा होत नाही. वस्तुतः ह्या नाटकांपुढचा अवघड प्रश्न प्रेक्षकाचाच आहे. रंगमंचावर छळला जाणारा मनुष्य आपला नव्हे आणि छळणाराही आपला नव्हे, अशा दुहेरी सुरक्षिततेत आपला प्रेक्षक बसलेला असतो. त्याच्या डोळ्यांत पाणी येते हे खरे. पण ते पाणी कशाचे, हे तपासून पाहिले पाहिजे.

ह्या सुरक्षिततेला इतिहासाचाही आधार दिला जातो. भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. येथील राजांपुरते आणि शेजाऱ्यांपुरते ते बव्हंशी खरे आहे. परंतु गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायासन बसले, आणि ज्यू कुळातून ख्रिस्ती झालेल्यांवर त्याची विशेष नजर होती. गार्सिया द ओर्ताने ह्या देशातील औषधी वनस्पतींवरचा आपला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला. त्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जिवंत जाळण्यात आले आणि खुद्द ओर्ताची हाडे त्याच्या मृत्यूनंतर थडग्यातून उकरून १५८० मध्ये जाळण्यात आली. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते तो हाच ओर्ता. आम्ही ज्या राखोलीतून हे लिहीत आहो ती १९५४ पर्यंत पोर्तुगीज सत्तेखालीच होती. तेव्हा हे सारे दूर युरोपात घडले असे म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. ओर्ताच्या त्या हाडांवर कोणा मराठी नाटककाराची लेखणी उठावी असे आम्हांस फार वाटते. पण तो विषय निराळा.

आता प्रेक्षकाच्या अश्रूंकडे वळू. पारशी रंगभूमीवर आगा हश्र काश्मिरी ह्यांचे ‘यहूदी की लडकी’ हे नाटक विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आले आणि पुढे त्याच कथेवर १९३३ साली न्यू थिएटर्सचा व १९५८ साली बिमल रॉय ह्यांचा ‘यहूदी’ असे चित्रपट निघाले. रोमन सत्ताधारी ज्यू जवाहिऱ्या एझ्राच्या मुलाचा बळी घेतो. एझ्रा त्याच सत्ताधाऱ्याची मुलगी आपली म्हणून वाढवतो. तिच्यावर रोमन राजपुत्राचे प्रेम बसते. सोहराब मोदींचा धीरगंभीर एझ्रा आणि मीनाकुमारींची नायिका पाहून त्या काळचा प्रेक्षक विरघळला, ह्यात नवल नाही. परंतु कथेची कळ कोठे आहे ते पाहा. जिच्यासाठी आपण तीन तास हळहळलो ती मुलगी अखेरीस ज्यू नसतेच. तिचे रक्त रोमन निघते, आणि प्रेक्षकाच्या सहानुभूतीची हुंडी अशा रीतीने भलत्याच पेढीवर वटते.

ही युक्ती आगा हश्रांची नव्हे. ज्या युरोपीय कुळातून ही कथा आली त्या कुळाचाच हा वारसा आहे. स्क्रीबने ज्याची संहिता लिहिली त्या १८३५ च्या ‘ला ज्युईव्ह’ ह्या संगीतनाटकातली राशेल ही मुळात धर्मगुरूची कन्या असते. त्याही मागे जाऊन लेसिंगचे ‘नाथान’ (१७७९) घ्या. धर्मसहिष्णुतेचा हा केवढा उदार ग्रंथ. परंतु त्यातही नाथानची लाडकी लेक रेखा जन्माने ख्रिस्ती निघते, आणि अखेरच्या प्रवेशात सगळे एकमेकांचे नातलग ठरत असताना कोणाशीही रक्ताचे नाते नसलेला एकटा नाथानच उरतो. शेक्सपिअरची जेसिका तर पळून जाऊन धर्मच बदलते. म्हणजे प्रेक्षकाने जिच्यावर जीव लावावा ती ज्यू तरुणी एक तर ज्यू नसते, नाही तर ज्यू राहत नाही. प्रेम करायला ज्यू मुलगी आणि भयासाठी किंवा फार तर आदरासाठी ज्यू म्हातारा, अशी ही वाटणी आहे. ह्या वाटणीतली लबाडी ओळखून ती उलटी वापरणारा नाटककार मॅक्स फ्रिश. त्याच्या ‘अँडोरा’त (१९६१) ज्यू समजून ज्याला गाव मरणाच्या दारात लोटते तो आंद्री त्याच गावातल्या मास्तराचा मुलगा असतो. येथे तो ज्यू नाही हे कळल्यावर प्रेक्षकाला सुटका मिळत नाही. उलट, असता तर चालले असते काय, हा प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसतो.

ह्या सगळ्या नाटकांत ज्यू हा इतरांनी इतरांना दाखवलेला आहे. ज्यूंनी ज्यूंसाठी, आणि तेही मराठीत, काही उभे केले आहे काय? केले आहे, आणि आमच्या नाट्यसमीक्षेने त्याची दखल फारच थोडी घेतली आहे. कोकण किनाऱ्यावरचे बेने इस्राएल हे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून शेजाऱ्यांत ‘शनिवार तेली’ ठरले. गावांची नावे लावून ते चेऊलकर, दिवेकर, पेणकर झाले. ‘आलम आरा’ (१९३१) ह्या पहिल्या बोलपटाची कथा ज्यांच्या नाटकावरून घेतली ते जोसेफ डेव्हिड पेणकर ह्याच समाजातले. हिब्रू फारशी न जाणणाऱ्या ह्या समाजाच्या हाती बायबल आले ते मिशनऱ्यांनी केलेल्या मराठी भाषांतरातून. आणि १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांच्यातील काही मंडळींनी कीर्तन सुरू केले. आख्यान आब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे; चाली मात्र साकी, दिंडी, आर्या, ओवीच्या.

आम्ही ह्याला नाटक म्हणत आहो ह्यावर कोणी आक्षेप घेईल. कीर्तनात एकच मनुष्य उभा राहून सर्व पात्रे होतो, म्हणून ते नाटक नव्हे असे म्हणायचे तर मराठी रंगभूमीच्या इतिहासातील पहिली पाने फाडावी लागतील. आमचा मुद्दा प्रेक्षकाविषयी आहे. भावांनी विकलेला योसेफ मिसरात मोठा होतो आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्या दारी येतात, ही कथा दिंडीच्या चालीत ऐकणाऱ्या कोकणी बाईला योसेफाची दया करायची नव्हती. तो तिचा पूर्वज होता आणि त्याच वेळी भाऊबंदकीत गाव सोडून मुंबईस आलेला तिच्या आळीतला मुलगाही होता. त्याला आपला करून घेण्यासाठी त्याचे ज्यूपण पुसावे लागले नाही, आणि ज्यूपण राखण्यासाठी मराठीपण सोडावे लागले नाही. योसेफ अखेरच्या प्रवेशात रोमन निघाला नाही!

ह्या समाजातील बहुसंख्य लोक १९४८ नंतर इस्राएलात गेले. तेथे विवाहाच्या प्रश्नावरून काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका काढली, आणि धरणे, आंदोलने झाल्यावर १९६४ साली तेथील संसदेला ते सर्वार्थाने ज्यू आहेत असे सांगावे लागले. इकडे शेजाऱ्यांनी ज्यांना तेली म्हणून जातीच्या उतरंडीत बसवले त्यांनाच तिकडे आपल्या रक्ताचा दाखला द्यावा लागला. ‘यहूदी’च्या अखेरच्या प्रवेशासारखाच हा प्रवेश आहे, फक्त टाळ्यांवाचूनचा. मराठी प्रेक्षकाला ज्यूविषयक नाटक परके वाटते तेव्हा त्याच्या अंगणातल्याच ह्या कथेवर नाटक झालेले नसते, हे त्याचे एक कारण असावे.

साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हा साधारणीकरणाचा प्रश्न आहे. ज्यूविषयक नाटकाच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते की, हे दुःख केवळ ज्यूंचे नसून मानवमात्राचे आहे. गुडरिच आणि हॅकेट ह्या दांपत्याने ॲन फ्रँकच्या रोजनिशीचे नाटक १९५५ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आणले तेव्हा त्यांनी हेच केले. रोजनिशीत ती मुलगी ज्यूंच्याच वाट्याला आलेल्या दुःखाचा अर्थ शोधत असते. नाटकात तिच्या तोंडी, कधी एका वंशाला तर कधी दुसऱ्याला असे सोसावे लागते, अशा अर्थाचे वाक्य घातले गेले. नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले, जगभर प्रयोग झाले. पण ह्याला भट्टनायकाचे साधारणीकरण म्हणता येणार नाही. अभिनवगुप्ताने भयानकाच्या निष्पत्तीचे उदाहरण दिले ते शाकुंतलातल्या पळणाऱ्या हरिणाचे. ते भय देशकालाच्या बंधनातून सुटते खरे. पण हरिण मात्र मान वळवून पाहणारे, तोंडातला अर्धवट चघळलेला दर्भ वाटेवर सांडणारे, तेच एक हरिण राहते. त्याऐवजी ‘कोणताही भ्यालेला प्राणी’ आणला असता तर रस आटला असता. साधारण व्हायचे ते प्रेक्षकाच्या मनात. संहितेत ते आधीच उरकून टाकले तर प्रेक्षकाला करायला काही उरत नाही.

ह्याच नाटकाचा एक प्रयोगानुभव मात्र आमच्या विधानाला वळसा घालतो, म्हणून तो सांगितला पाहिजे. १ ऑक्टोबर १९५६ रोजी ते जर्मनीत अनेक शहरांत एकाच दिवशी रंगभूमीवर आले. बर्लिनमध्ये पडदा पडल्यावर टाळ्या झाल्या नाहीत. लोक न बोलता उठले आणि बाहेर पडले. तीच सौम्य केलेली संहिता. पण तेथील प्रेक्षकाने गाळलेले सारे स्वतः भरून घेतले, कारण ते त्याच्या घरातलेच होते.

आणि ह्याची उलट बाजू. १८ जुलै १९४२ रोजी वॉर्साच्या ज्यू वस्तीत, यानुश कोर्चाकच्या अनाथाश्रमात, मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ पोलिश भाषेत केले. खोलीत कोंडलेला, खिडकीतून जग पाहणारा, राजाच्या पत्राची वाट पाहणारा अमल हा काही ज्यू मुलगा नव्हे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाकसह ती सर्व मुले ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढवण्यात आली. त्या प्रयोगाला समीक्षेची भाषा लावण्याचे धाडस आम्ही करीत नाही. एवढेच म्हणतो की, ‘डाकघर’ हे गूढ व मंद नाटक आहे, प्रयोगाला जड जाते, असे म्हणणाऱ्यांनी ते कोणत्या प्रेक्षकापुढे झाले होते हे आठवावे.

राहिला प्रश्न लहान रंगमंदिराचा. हा विषय मोठ्या नाट्यगृहात मोठ्याने बोलला की बिघडतो, असे आमचे मत आहे. दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून जी नाटके झाली त्यांनी नट आणि प्रेक्षक ह्यांच्यातले अंतर काही हातांवर आणले. एवढ्या जवळून पाहणाऱ्याला दया करणे कठीण जाते, कारण दयेला अंतर लागते. अशा सभागृहासाठी आम्हांस सुचते ती ब्रेख्टची ‘ज्यू पत्नी’ ही एकांकिका. ‘थर्ड राईशमधील भय आणि दैन्य’ ह्या प्रवेशमालेतला हा एक प्रवेश. १९३८ साली पॅरिसमध्ये निर्वासितांपुढे हेलेना वायगेलने तो केला. एक डॉक्टरची बायको सामान बांधते, दूरध्वनीवरून मित्रमंडळींचा निरोप घेते, नवऱ्याशी काय बोलायचे ते रिकाम्या खुर्चीशी बोलून पाहते. नवरा येतो. दोनचार आठवड्यांचाच प्रश्न आहे असे तो म्हणतो, आणि तिने मागितलेला, पुढच्या हिवाळ्याखेरीज लागणार नाही असा केसाळ कातड्याचा कोट काढून तिच्या हाती देतो. कोणी मारत नाही, कोणी ओरडत नाही. छळ करणारा तिच्यावर प्रेमच करतो, आणि आपला प्रेक्षक ज्या सुरक्षिततेत बसतो ती तिच्या नवऱ्याजवळही आहे.

दोन नट, एक ट्रंक, एक दूरध्वनी. राखोलीसारख्या गावी शाळेच्या वर्गातही हे करता येईल. येथे दमणगंगेवर मधुबन धरण झाले तेव्हा आदिवासी कुटुंबांना गावे सोडावी लागली, आणि येथल्या कारखान्यांत काम करणारे निम्मेअधिक लोक कोठून तरी सामान बांधूनच आलेले दिसतात. काय घ्यावे आणि काय ठेवावे हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. अडचण येईल ती कोटाची. आपल्याकडे असा हिवाळा नाही, म्हणून रूपांतरकाराला तेथे शाल घालण्याचा मोह होईल. तो त्याने आवरावा. शाल कोणत्याही महिन्यात खांद्यावर चालते. तिने काहीच उघड होत नाही. त्यापेक्षा आरंभीच्या एखाद्या दूरध्वनीत बर्फाच्या महिन्यांचा सहज उल्लेख पेरून ठेवावा आणि कोट कोटच राहू द्यावा, म्हणजे तो तिच्या हाती पडेल तेव्हा किती आठवडे, ह्याचा हिशेब प्रेक्षक आपला आपण करील.