यमुनेचे दुःख आणि यमुनेची श्रद्धा

बदलापूर येथे एका लहानशा वाचकमंडळात बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या, मराठीत पहिली मानल्या जाणाऱ्या कादंबरीवर चर्चा झाली. तीस आम्हीही हजर होतो. हे ख्रिस्ती धर्मप्रचाराचे पुस्तक होय, असा बहुतेकांचा आक्षेप पडला. ग्रंथकर्ते १८५४ साली ख्रिस्ती झाले होते व आपला हेतू त्यांनी लपविलेलाही नाही. परंतु हेतू असणे हा दोष नव्हे. तो हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांतही आहे.

आमचा आक्षेप निराळा आहे. पतीसह प्रवास करताना यमुनेला ज्या विधवा भेटतात, त्यांची दुःखे आजही जिवंत वाटतात. पण विनायकाच्या मृत्यूने तोच प्रसंग खुद्द यमुनेवर ओढवतो, तेव्हा लेखक तिला शोकास फारसा अवधी देत नाही; धर्मांतर व पुनर्विवाह पाठोपाठ येतात. श्रद्धेने दुःखास उत्तर अवश्य द्यावे. परंतु प्रश्न पुरता विचारला जाण्यापूर्वीच दिलेले उत्तर, खरे असले तरी, मनास पटत नाही.

अंबरनाथहून आलेल्या एक वृद्ध बाई शेवटी म्हणाल्या, “शेवट मला खरा वाटला नाही, पण वाटेवरच्या त्या बायका मी लहानपणी आमच्याच घरात पाहिल्या आहेत.” याहून नेमका अभिप्राय आम्हांस देता येत नाही.