चू. भू. दे. घे.

कलासमीक्षक व्हायला लागणारी कुठलीच पात्रता माझ्याकडे नाही. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी स्वतःची सापडली की गुपचूप निस्तरायची, एवढाच काय तो अनुभव. पण परवा आईला घेऊन गोधड्यांच्या एका प्रदर्शनाला गेलो आणि समीक्षा कशाला म्हणतात ते मला कळले.

गोधड्या भिंतीवर टांगल्या होत्या. गोधडी उभी कशी दिसते, हे मी जन्मात प्रथमच पाहत होतो. एका गोधडीत धावदोऱ्याची ओळ मध्येच उताराला लागली होती आणि खालच्या ओळीला धडकून पुन्हा वर आली होती. शेजारी पाटी : ‘जाणीवपूर्वक जपलेली अपूर्णता’. मी मान डोलावली. (न कळलेल्या परिपत्रकापुढे मान डोलवायची सवय असते आम्हाला.) आईने पाटी वाचलीच नाही. रखवालदाराची पाठ वळताच तिने गोधडीचा कोपरा उलटून मागची बाजू पाहिली आणि निकाल दिला, ‘‘चुकलंय. उसवायचा कंटाळा केला बाईनं.’’

मग मी वाचीव ज्ञान पाजळले. अमेरिकेतल्या आमिश बायका रजईत एक चूक मुद्दाम ठेवतात, कारण निर्दोष काय तो एकटा देव, असे सांगतात.

‘‘मुद्दाम कशाला?’’ आई म्हणाली. ‘‘न ठरवता होतात की चिक्कार!’’

गंमत अशी, की रजयांच्या इतिहासाचे अभ्यासकही या गोष्टीला दंतकथाच समजतात. मी हार मानली नाही. अलाबामातल्या गीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या रजया २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या. त्यांतल्या वाकड्या पट्ट्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी झाली. २००६ साली त्यांची टपाल तिकिटेसुद्धा निघाली. आता तिकीट निघाले म्हणजे चूक सरकारमान्य झाली, असा माझा कारकुनी युक्तिवाद.

‘‘वाकडं म्हणजे चुकलेलं नव्हे,’’ आई म्हणाली. ‘‘कापड होतं तसं जोडलं असेल त्यांनी.’’

वाकडी ओळ आईच्या हिशेबी किरकोळ रक्कम. खरी चूक पहिला टाका पडायच्या आधीच होऊन गेलेली असते. आतले थर जमिनीवर नीट ताणून न अंथरता शिवायला बसले, की आत चुणी राहते. वरून कितीही मोत्यासारखे टाके घाला, ती चुणी रात्रभर पाठीला हिशेब विचारते. दुसरी फसवणूक कोऱ्या कापडाची. शंभरदा धुतलेली लुगडी आटायची तेवढी कधीच आटून बसलेली असतात. त्यांच्यावर कोरे सुती कापड न धुता लावले, की पहिल्याच धुण्यात ते आक्रसते आणि गोधडीला म्हातारपण येते. दोरा फार ओढला तरी तेच. असल्या चुकांना उसवणे हाच उपाय. ठिगळाने भोक झाकते, चुणी झाकत नाही.

आता मी हुकमाचा पत्ता टाकला. ‘‘मग आपल्या घरच्या गोधडीचा तो कोपरा? तो का नाही उसवलास?’’

त्या कोपऱ्यात बोटभर लांबीचे टाके आहेत, जागोजागी गुठळ्या आहेत. १९९१ च्या मे महिन्यात आजीने तो शिवला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि बाकी कडा सांभाळायला आई-मावशी बसल्या होत्या. आजीचे काम म्हणून कोणी बोलत नाही, अशी माझी समजूत.

‘‘सासूबाईंचा हात चांगला होता,’’ आई म्हणाली. ‘‘त्यांना सुईत दोरा ओवून कोण देत होतं?’’

मीच देत होतो. आणि पुन्हापुन्हा बोलावणे येऊ नये, विटीदांडू मोडू नये, म्हणून चांगला दोन हात लांब दोरा ओवून पळत होतो. लांब दोरा पीळ खातो, त्याची गाठ बसते. दिसत नसलेल्या माणसाने ती ओढली की गुठळी. तीसेक वर्षे आजीच्या नावे पडलेली ही रक्कम माझ्या खात्यातली निघाली.

‘‘मग तेव्हा का नाही उसवलं?’’ मी जरा हळूच विचारले.

‘‘त्या शेजारीच बसायच्या ना. त्या निजल्या की त्यांच्या दोन ओळींच्या मधून मी एकेक ओळ घालायचे. थर तेवढे धरून राहिले.’’

चुकलेला आकडा खोडायचा नाही, तो वाचता येईल असा ठेवायचा आणि खाली दुरुस्तीची नोंद घालायची, हे शिकायला मी कॉलेजात तीन वर्षांची फी भरली होती.

घरी येऊन मी तो कोपरा उलटून पाहिला. आजीच्या ढांगांमधून आईच्या बारीक ओळी गेल्या आहेत, आणि दोऱ्याचा रंगसुद्धा तिने तोच घेतला आहे. थंडीत ती गोधडी अजून मीच घेतो. मध्यरात्री पायाचा अंगठा आजीच्या टाक्यात अडकतो, मी ओरडतो, आणि पलीकडच्या खोलीतून आई विचारते, ‘‘तुझा कोपरा पायाशी घेतलास का रे?’’