मच्छरदाणीची जाळी आणि शस्त्रक्रियोत्तर प्रतिमा-तपासणी : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अंतर्गळ अर्थात हर्निया या विकारावर शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय होय. पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागी कृत्रिम जाळी बसविण्याची पद्धत रूढ झाली. मात्र तयार जाळीची किंमत ग्रामीण रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले. या प्रयोगाचा बहुकेंद्री प्राथमिक अहवाल २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध झाला. खानदेशाचे हे योगदान निर्विवाद मोलाचे आहे. तथापि, जाळी बसविल्यानंतर तिचे काय होते, हा प्रश्न किमतीच्या चर्चेत मागे पडला.

विवेचन :
युगांडातील ३०२ पुरुष रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुंतागुंतीचे प्रमाण स्वस्त जाळीत ३०.८ टक्के, तर महाग जाळीत २९.७ टक्के आढळले. स्वस्त जाळी कमअस्सल नाही, हे यावरून सिद्ध होते. परंतु याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की, जाळी कोणतीही असो, दहांपैकी सुमारे तिघांना काही ना काही त्रास होतोच. शिवाय एक वर्षाचा पाठपुरावा ओझी वाहणाऱ्या शेतमजुराच्या दृष्टीने अपुरा ठरतो.

शस्त्रक्रियेनंतर आलेली सूज म्हणजे साठलेला द्रव की पुन्हा उद्भवलेला हर्निया, हे केवळ हाताने चाचपून नेहमीच कळत नाही. येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. रुग्णाला खोकायला किंवा कुंथायला लावले असता आतडे बाहेर सरकताना दिसते. द्रव असल्यास तसे घडत नाही. डॉप्लरने वृषणाचा रक्तपुरवठाही तपासता येतो. खोलवरचा पू किंवा आतड्याचा अडथळा यांची शंका असल्यास सीटी स्कॅन आवश्यक ठरतो. मात्र पॉलिप्रॉपिलीनची जाळी सीटीवर बहुधा स्पष्ट दिसत नाही; तसेच शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत दिसणारी हवा म्हणजे जंतुसंसर्गच, असे मानणे चुकीचे होय. म्हणून सरसकट स्कॅन करणे हा अपव्यय, आणि लक्षणे असूनही तो टाळणे ही हेळसांड ठरते.

गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र हवे तेथे नेता येत नाही. हे बंधन रास्तच आहे. परंतु त्यामुळे रुग्णाला केंद्रापर्यंत आणण्याची जबाबदारी व्यवस्थेवर येते. बसभाडे आणि बुडालेली मजुरी हाच पाठपुराव्यातील खरा अडसर होय.

निष्कर्ष :
जो रुग्ण परत आला नाही तो बरा झाला, असे गृहीत धरणे शास्त्रीय नव्हे. धुळ्याचे आणि २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी अशा रुग्णांची दीर्घकालीन नोंद ठेवावी व तक्रार असणाऱ्यांची सोनोग्राफी प्राधान्याने करावी. दोंडाईच्याने शस्त्रक्रिया स्वस्त केली. तिच्या पश्चात तपासणीही तितकीच सुलभ झाल्याशिवाय ते कार्य पूर्णत्वास जाणार नाही.