नोंद कोणाची, जमीन कोणाची?

मायक्रोसॉफ्टच्या ‘डेटाव्हर्स’सारख्या लो-कोड प्रणालींमुळे प्रोग्रामिंग न शिकलेला माणूसही कार्यालयाचे रजिस्टर संगणकावर आणू शकतो. ही सोय मोठी आहे. माझा आक्षेप तिच्यातल्या एका शब्दाला आहे: ‘ओनर’, म्हणजे मालक. नवा तक्ता करतानाच ठरवावे लागते, की त्यातील नोंदी व्यक्तीच्या वा गटाच्या मालकीच्या, की सगळ्या संस्थेच्या. पहिला पर्याय घेतला, की प्रत्येक नोंदीला मालक हवा. दुसरा कोणी नेमला नाही तर नोंद करणारा तोच मालक. नोंद कोणी पाहावी, बदलावी, पुसावी हे बरेचसे त्यावरून ठरते. कारकुनाची बदली झाली, की त्याच्या नोंदी दुसऱ्याच्या नावे केल्या जातात. जमिनीवर मात्र काहीच घडलेले नसते.

आपल्या महसुली दप्तराने हा घोळ होऊ दिलेला नाही. फेरफार नोंदवहीत, म्हणजे गावनमुना सहामध्ये, तलाठी नोंद लिहितो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी मुदत ठेवतो. प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा, जमीन तिसऱ्याची. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानायची ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी हक्क निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

अंजनवेलचा गोपाळगड घ्या. वाशिष्ठीच्या मुखावरचा हा किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे, आणि त्याच्या तटाआत वर्षानुवर्षे खाजगी आंबाबाग राहिली. खाजगी जागेतील स्मारकालाही संरक्षण देता येते; तेव्हा जमीन कोणाची आणि तिच्यावर काय करता येईल, हे दोन वेगळे प्रश्न. किल्ल्याची एक ओळ तक्त्यात भरली, तर ‘मालक’ रकान्यात कोण? खातेदार, पुरातत्त्व विभाग, की ओळ भरणारा कारकून? प्रणालीच्या लेखी शेवटचाच!

‘बिझनेस रूल’ या सोयीची गतही तपासण्यासारखी आहे. नियम केवळ फॉर्मपुरता लावला, तर तो फॉर्म भरणाऱ्यालाच अडवतो. एक्सेलमधून एकदम आणलेल्या शेकडो नोंदी त्याच्या बाजूने निघून जातात. सगळ्या तक्त्याला लावलेला नियम सर्व्हरवरही चालतो. पण तोसुद्धा त्याच नोंदीतले रकाने तपासतो. ‘क्षेत्र रिकामे नको’ हे त्याला कळते. ‘सर्व सहहिस्सेदारांना नोटीस पोचली का’ हे जोडलेल्या दुसऱ्या तक्त्यात पाहणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागते, आणि घाईत तीच राहून जाते.

कोकणात हे किरकोळ नाही. येथे सामाईक खाती पुष्कळ; एका सातबाऱ्यावर कित्येक नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. त्यांचा आधार रकाना भरलेला असण्यात नाही. आपल्याला विचारल्याशिवाय नाव कमी होणार नाही, या नियमात आहे. म्हणून संस्था कोणतीही असो, पतपेढी वा ग्रामपंचायत, दप्तर संगणकावर नेताना तिने नोंदकार, प्रमाणित करणारा आणि हक्कदार यांचे रकाने वेगळे ठेवावेत. ‘ओनर’चे भाषांतर ‘मालक’ करू नये. ‘नोंद सांभाळणारा’ म्हणावे.