खडकावरचे घर आणि आवलीचे गाऱ्हाणे



वाचक माउली, या अंकात एका ख्रिस्ती बाईच्या पुस्तकावर लिहितो आहे. काहींना ते रुचणार नाही, याची जाणीव आहे. माळ घालून पन्नासावर वर्षे झाली, आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत चार वर्षे शिकलो, कीर्तने किती केली त्याचा हिशोब ठेवला नाही. आता गळा साथ देत नाही म्हणून वीणा खाली ठेवली आहे. तेव्हा हा लेख कोणाला पलीकडे नेण्यासाठी नाही, एवढे आधी सांगून टाकतो.

पुस्तक आहे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि १९३६ च्या फेब्रुवारीत बाई गेल्या. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याचे नाव घेतात हे ऐकून होतो. वाचले मात्र नव्हते. आपल्या फडावर ही पुस्तके कोण वाचतो? ते माझ्या घरी कसे आले हे पुढे सांगेन.

कथा अनेकांना ठाऊक असेल. नारायण वामन टिळक हे कोकणातले, १८६१ चा जन्म, संस्कृतात तयार, कवी, आणि स्वभावाने एका जागी न टिकणारे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाची भेट झाली. त्याने नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते पुस्तक नाइलाजाने उघडले, पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनापाशी, ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या प्रवचनाच्या शेवटी एक दृष्टांत आहे. आपण कीर्तनकार, दृष्टांत दिसला की कान टवकारतो. एकाने खडकावर घर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला. एक घर राहिले, एक पडले. ऐकून त्याप्रमाणे वागणारा तो पहिला, ऐकून सोडून देणारा तो दुसरा. मी तो तीन-चार वेळा वाचला तेव्हा माझ्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. पहिली अशी की दोघांनीही ऐकलेले आहे. न ऐकणारा त्या दृष्टांतात नाहीच. दुसरी अशी की पाऊस दोन्ही घरांवर पडला. खडकावरच्या घराला पूर चुकला असे तिथे म्हटलेले नाही.

हे आमच्या शीळफाट्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी लकी कंपाउंडमधली इमारत पडली. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायला आणलेली होती. ७४ जीव गेले, त्यांत कितीतरी लेकरे. ना पाऊस होता, ना वारा. त्या रात्री मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. पन्नाशी उलटलेला एक माणूस बादलीतून ढिगाऱ्यावरच्या पोरांना पाणी पाजत फिरत होता. तो आमचा मृदंगमणी होता. आमचा म्हणजे पूर्वीचा.

त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. खिडकाळीच्या बाजूच्या एका गावातल्या सप्ताहात तो बारा वर्षे माझ्यामागे पखवाज वाजवीत होता. हात असा की चाल धरली की टाळकऱ्यांचे पाय आपोआप उचलत. घरी आजारपण आले, उसनवारी झाली, आणि त्या काळात त्याच्या घरी कोणी भजनी मंडळातले फिरकले नाही. प्रार्थनेला जमणारी ख्रिस्ती माणसे मात्र गेली. त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढच्या सप्ताहाला तो नेहमीप्रमाणे आला, पखवाजाला कणीक लावून बसला. मी सगळ्यांसमोर त्याला उठवले. तो काही बोलला नाही. कणीक काढली, गवसणी चढवली आणि गेला. तो गेल्यावर मी दोन तास समचरणाचे निरूपण केले, आणि लोक छान झाले म्हणाले.

त्याच माणसाने पुढे मला 'स्मृतिचित्रे' आणून दिले. "बुवा, यात पंढरपूर पण आहे," एवढेच म्हणाला.

आहे खरे. नवरा धर्म सोडून गेला तेव्हा लक्ष्मीबाई पाचेक वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या, त्यात काही काळ पंढरपुरातही. पण मला पुस्तकाने धरले ते त्याच्या आरंभापाशी. बाईंच्या माहेरी वडिलांचे सोवळे असे होते की घरात येणारे मीठसुद्धा धुऊन घ्यावे. मीठ धुतल्यावर उरते काय, हे वाचकाने ठरवावे. बाई हसत सांगतात आणि पुढे जातात. अशा घरातली मुलगी पुढे नवऱ्याकडे परत येते तेव्हा आपले पाणी वेगळे, आपली चूल वेगळी, हा नेम तिने काही काळ चालवला. एकाच छपराखाली ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको! टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही. मग विचार करता करता तिला आतूनच वाटले की ही जातपात देवाने केलेली दिसत नाही. एकदा ते पटल्यावर तिने मागे पाहिले नाही. १९०० साली तिनेही बाप्तिस्मा घेतला.

इथे मी थबकलो. आज्ञापालन हा शब्द ख्रिस्ती पुस्तकांत फार येतो, आणि मला तो नेहमी जड वाटे. आपल्याकडे नेम म्हणतात. एकादशी, वारी, माळ, हरिपाठ. नेम हलका दिसतो पण जन्मभर ओढावा लागतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात आज्ञा कोणी वरून लादताना दिसत नाही. पटलेले उद्या करायचे नाही, आत्ताच करायचे, एवढाच तिथे आज्ञापालनाचा अर्थ. घर भरले ते त्यामुळे. पोरकी पोरे आली, शिकणारी आली. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले आणि ते हिंदूच राहिले. ज्या बाईने कधी पाणी वेगळे ठेवले होते तिच्या स्वयंपाकघरात हे घडते. मला यापेक्षा वेगळे प्रमाण नको.

आता टीका. टिळकांवर माझा एक आक्षेप आहे आणि पुस्तक वाचून तो वाढला. बाप्तिस्मा घेताना त्यांनी बायकोला विश्वासात घेतले नाही. तिला बातमी कळली ती सगळे झाल्यावर, आणि त्या धक्क्याने ती वेडीपिशी झाली. देवाची आज्ञा पाळायला निघालेला माणूस घरातल्या माणसाला दिलेला शब्द ओलांडून गेला. ख्रिस्ती चरित्रकार हा प्रसंग भक्तीच्या मोठेपणात जिरवून टाकतात. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्या नवऱ्याचा राग लिहितात, विसरभोळेपणा लिहितात, किराण्याचे पैसे भलत्याच वस्तूवर उधळणे लिहितात, घरात दाणा नसताना दानशूर होणे लिहितात. आणि तरी एका ओळीतही त्यांचे प्रेम कमी होत नाही. राग आणि आदर एकाच वाक्यात बसवण्याची ही हातोटी मला कुठल्या शास्त्र्याच्या लेखणीत आढळली नाही. संस्कृताचा वास नाही, शब्द सगळे माजघरातले. विनोद तर असा की मी रात्री एकटा हसलो आणि नातवाने येऊन पाहिले.

पण हसता हसता एक काटा रुतला. आपण सगळे कीर्तनकार तुकोबांची आवली रंगवतो. कजाग, तोंडाळ, देवाला शिव्या देणारी. दुष्काळ पडलाय, दुकान बुडालेय, नवरा डोंगरावर, पोरे उपाशी, आणि ही भाकरी घेऊन चढण चढते. तरी हशा तिच्यावर. मी तर तिचा आवाज काढीत असे, आणि त्या आवाजासाठी मला लांबून बोलावणी येत. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला सारखे वाटत राहिले की हे आवलीने लिहिले असते तर असेच लिहिले असते. संतांच्या घरातून आलेले गाऱ्हाणे आपल्या परंपरेत फार थोडे उरले आहे. ते एका ख्रिस्ती झालेल्या बाईकडून ऐकावे लागले.

टिळक स्वतः म्हणत की आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने आलो. आपल्यातल्या काहींना याचा अभिमान वाटतो, काहींना राग येतो. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. तुकोबांपर्यंत पोचलेल्या माणसाला तिथेच बसावेसे का वाटले नाही? विद्वान उत्तरे पुष्कळ देतात. माझे उत्तर विद्वत्तेचे नाही. पंढरपूरचे देऊळ हरिजनांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले ते १९४७ साली, म्हणजे टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर बावन्न वर्षांनी. चोखोबांची समाधी ज्या पायरीशी आहे तिथे आपण किती शतके थांबलो होतो ते पाहावे. टिळकांनी जिथे जायचे तिथे ते गेले. आपल्या दारातली गर्दी त्यांनी पाहिली नसेल असे मला म्हणवत नाही.

त्यांनी नेलेही पुष्कळ. अभंग नेला, ओवी नेली, कीर्तन नेले. ओवी त्यांच्याआधीही गेली होती. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने गोव्यात 'ख्रिस्तपुराण' ओवीतच रचले आणि १६१६ मध्ये ते छापले गेले. टिळकांनी 'ख्रिस्तायन' आरंभले, दहा-अकरा अध्यायांवर ते राहिले, आणि पुढचा डोंगराएवढा भाग लक्ष्मीबाईंनी रचून काढला. तोही मी चाळला. खरे सांगायचे तर तिथे बाई मला कमी भेटतात. तिथे त्या नवऱ्याचे राहिलेले काम पुरे करताहेत. ओवी इमानी आहे, पण 'स्मृतिचित्रे'तला श्वास तिच्यात नाही. कष्टाने पाळलेला नेम आणि आपसूक आलेले बोलणे यांत एवढा फरक पडतो, हे एकाच हाताच्या दोन पुस्तकांत पाहायला मिळते.

टिळकांच्या शेवटच्या वर्षांबद्दल एक नोंद करतो, कारण ती आपल्याला जवळची आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्याच वर्षी आळंदीला जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, जिथे मी शिकलो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण मृदंगमण्याला उठवताना मला साताऱ्याच्या त्या दरबाराची माहिती असती तर, असे मनात येऊन गेले. माहिती असती तरी मी उठवलेच असते, हेही लगेच कळले. त्या वेळी मला लोकांची भीती होती, देवाची नव्हती. टिळक ९ मे १९१९ ला गेले. दरबार फार टिकला नाही.

आता त्या दृष्टांताकडे परत येतो, कारण एक बाब राहिली. स्थिर आयुष्य म्हणजे काय? ख्रिस्ती प्रवचनकार खडकावरच्या घराविषयी बोलताना हटकून सांगतात की श्रद्धा ठेवा, संसार सुरळीत होईल. आमचे तरुण कीर्तनकारही वारी करा, धंद्यात बरकत येईल, असे सांगू लागले आहेत. टिळकांच्या घरात बाप्तिस्म्यानंतर सुरळीत काय होते? पाच वर्षे ताटातूट, मग गावोगाव बिऱ्हाड, पैशाची चणचण, शेवटी पगारही सोडलेला. तुकोबांचे तेच. घर राहिले ते आत बसलेल्या माणसांनी एकमेकांना सोडले नाही म्हणून, असे मला पुस्तक मिटल्यावर वाटले. दृष्टांतात हे नाही. लक्ष्मीबाईंत आहे.

येत्या माघात आमच्या भागात सप्ताह बसेल. मी कीर्तन करणार नाही, पण मंडळी सल्ला विचारतात. परवा मी म्हटले, पखवाजाला त्याला बोलवावे. तो आता पासष्टीच्या पुढे आहे. आठवड्यातून एक दिवस चर्चमध्ये वाजवतो असे ऐकतो. दोघे हो म्हणाले. एकाने विचारले, माळ नसलेला माणूस वीणेशेजारी कसा बसेल? चौथा गप्प राहिला. पुढच्या गुरुवारी पुन्हा बसायचे ठरले आहे. पुस्तक मी सध्या त्या चौथ्याकडे दिले आहे.